मधमाश्यांची दोस

पेडण्याला हिवाळा असतो हे मला सासऱ्यांकडून कळलं. माझं माहेर मुळगावचं. तिथे वर्षाचे दोनच भाग: खाणीची तांबडी धूळ उडत घरात येते तो, आणि तीच धूळ चिखल होऊन पायांबरोबर घरात येते तो. थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक जुनी चादर, तीही कोंबडा आरवायच्या आत पायाशी गोळा व्हायची. गोवा राज्य झालं त्याच महिन्यात लग्न होऊन मी पेडण्याजवळच्या या घरी आले, आणि त्या डिसेंबरात उघड्या अंगाने अंगणात उभे राहून, पंचाने घाम पुसत सासरे म्हणाले, "हिवाळा कडक आहे. माश्यांना अन्न द्यायला हवं."

माश्या म्हणजे मधमाश्या. घरामागे त्यांची एक लाकडी पेटी होती. सासऱ्यांनी पेटी आणली असं गावात कळलं तेव्हा भजनी मंडळातली माणसं चौकशीला आली होती, कारण आमच्याकडे पेटी म्हणजे वाजवायची. आतून सूर येण्याऐवजी माश्या येतात हे पाहून ती जरा लांबूनच चहा पिऊन गेली. ही पेटी सासऱ्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या काकांनी, मिळून आणलेली. मागच्या भिंतीच्या भोकात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं माश्यांचं पोळं दोघांनी चावून घेत घेत पेटीत उतरवलं होतं. ते दिवस म्हणे फार चांगले होते. मी आले तोवर संपले होते.

सासरे मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. छापलेल्या अक्षरावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावर नव्हती, कारण देव छापलेला नसतो. पेटीबरोबर त्यांना मराठीतलं एक पत्रक मिळालं होतं. ते घाटावरच्या कुठल्यातरी थंड डोंगरात बसून कुणी लिहिलेलं असावं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हिवाळ्यात फुलोरा नसतो, माश्या उपाशी मरतात, म्हणून साखरेची कँडी करून चौकटींवर ठेवावी. आता आमच्या मागच्या डोंगरीवर त्या डिसेंबरात काजू फुलायला लागला होता, आंब्याला मोहोर फुटत होता, आणि पेटीच्या दाराशी पाय पिवळे करून आलेल्या माश्यांची आत शिरायला रांग लागली होती. मी नवी सून, पण तरी धीर करून म्हटलं, "मामंजी, त्या तर खाऊन खाऊन जड झाल्यात."

"पत्रकात छापलंय," ते म्हणाले. विषय संपला.

एकच अडचण होती. कँडी हा शब्द इंग्रजी. सासऱ्यांनी तो पेन्सिलीने खोडला आणि वर 'शर्करावडी' असं लिहिलं. मग घरातल्या बायकांना चुलीपासून दूर ठेवून त्यांनी स्वतः पाक करायला घेतला. पत्रकात 'पाक गोळीबंद होऊ द्यावा' असं होतं. सासरे त्या शब्दाचा अर्थ लावत बसले आणि अर्थ लागेपर्यंत पाक चुलीवर राहिला. जी वस्तू झाली ती चिऱ्याच्या दगडाच्या जातीची होती. ती फोडायला पाटा-वरवंटा लागला. तुकडे पेटीत ठेवले, माश्यांनी वासही घेतला नाही. मुंग्यांनी मात्र घेतला. त्या रांगेने आल्या, पेटीवर चढल्या, आणि येता-जाता त्यांना काकांचं स्वयंपाकघर सापडलं.

इथे घराची रचना सांगायला हवी. छप्पर एक, देवघर एक, विहीर एक, चुली दोन. दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये छातीएवढी अर्धी भिंत. तिच्यावरून पूर्वी आमटीच्या वाट्या इकडून तिकडे जात. आता निरोप जात होते. त्याचं कारण भाषा.

घरात बोलायची भाषा खरं तर एकच होती. 'खंय गेल्लंस', 'जेवलंस काय', 'माका नाका'. ह्या बोलण्याला मराठी म्हणायचं की कोंकणी म्हणायचं, यावरून त्या काळात साऱ्या गोव्यात मोर्चे निघाले. सासरे मराठीच्या मोर्चात गेले, काका कोंकणीच्या. दोघेही घरी परतले ते घसा बसवून, आणि त्यानंतर एकमेकांशी बोलेनासे झाले. म्हणजे भाषेवरचं प्रेम एवढं ऊतू गेलं की बोलणंच बंद पडलं. कायदा झाला, राज्य झालं, सगळा गोवा आपापल्या कामाला लागला; आमच्या घरात मात्र लढा चालू राहिला. राज्याचे पेढेसुद्धा दोन्ही चुलींवर वेगवेगळे वाटले. नवी सून म्हणून मला दोन्हीकडचे मिळाले, त्या वादातून माझा झाला तो एवढाच फायदा.

पण एका छपराखाली राहून न बोलता कसं चालेल? म्हणून सासूबाईंना मध्ये उभं केलं. सासरे अर्ध्या भिंतीकडे पाठ करून म्हणत, "धाकट्यास कळवा, विहिरीवरील रहाटाची दुरुस्ती आवश्यक आहे." पूर्वी ते असं शाळेतसुद्धा बोलत नसत. सासूबाई भिंतीपाशी जाऊन म्हणत, "रहाट मोडलो, बघ रे." काका त्यांच्या बाजूने व्यासपीठावरच्यासारखे उत्तर देत, "तांकां सांग, आयज म्हाका वेळ ना." सासूबाई परत येऊन सांगत, "आज ताका वेळ नाय." दोघांनाही दोघांचं सगळं ऐकू येत होतं. अर्धी भिंत ती, आवाज अडवायला थोडीच बांधली होती! पण सासूबाईंच्या तोंडून आल्याशिवाय ते ऐकल्यात जमा होत नसे. काकी आणि सासूबाई मात्र विहिरीवर रोज तासभर गप्पा मारत. त्या कोणत्या भाषेत बोलतात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांचं बरं चाललं होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मी आले त्या वर्षीच्या चवथीला आरतीवरून वाजलं. कोणती आरती म्हणायची यावर गणपतीसमोर दोन्ही भाऊ गप्प उभे राहिले आणि शेवटी बायकांनीच टाळ्या वाजवून वेळ मारून नेली. विसर्जन करून आल्यावर काकांनी भिंतीवरून जाहीर केलं, "फुडल्या वर्सा आमचो गणपती वेगळो."

ज्यांना आमचं ठाऊक नाही त्यांना यात काय मोठं, असं वाटेल. चुली वेगळ्या होतात, शेतं वेगळी होतात, विहिरीचं पाणीसुद्धा वाटून घेतात माणसं. पण गणपती एकच असतो. मुंबईला गेलेला, बोटीवर गेलेला, जमिनीच्या भांडणात कोर्टात गेलेला, सगळे चवथीला त्या एका गणपतीपुढे येऊन बसतात. गणपती वेगळा झाला की ते घर मोडलं असं गाव धरून चालतं, आणि गाव अशा गोष्टी विसरत नाही. सासूबाईंनी त्या दिवशी पानावर बसूनही घास घेतला नाही. मला म्हणाल्या, "मी ह्या घरात इलंय तेव्हापासून एकाच गणपतीक दिवो लावलंय. आता दुसरो खंय लावूं?" त्यानंतर वर्षभर त्या रोज संध्याकाळी देवघरात बसून काहीतरी पुटपुटत असत, आणि ते काय असेल हे न कळण्याएवढी मी भोळी नव्हते.

पावसाळा आला. आमची बाजू वाऱ्याची, पाऊस आडवा येऊन थेट आत. म्हणून पेटी दर वर्षीप्रमाणे काकांच्या पडवीत गेली. सासरे तिकडे पाय ठेवत नव्हते. त्यामुळे माश्यांचे पालक एका बाजूला आणि माश्या दुसऱ्या बाजूला. आषाढात काकांचा निरोप आला की पेटी हलकी लागते, मुसां उपाशी आसात. घरात माशीला मूस म्हणत, आणि काका या बाबतीत बरोबर होते. आमच्याकडे पाऊस हाच माश्यांचा उपासाचा काळ. फुलं कुजतात, बाहेर पडायची सोय नाही, साठवलेलं संपतं. डिसेंबरात त्यांच्यापुढे दगड ठेवणाऱ्या पत्रकाने पावसाळ्याबद्दल फक्त एवढंच सांगितलं होतं की पेटीवर छप्पर असावं.

सासऱ्यांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, उजेडाला धरूनही वाचलं. शेवटी पत्रक मिटून, भिंतीकडे पाठ करून म्हणाले, "मधुमक्षिकांस काहीतरी गोड द्यावे, असे त्यास कळवा."

मी तिथेच आदोळीवर नारळ खवत बसले होते. सासूबाई पदराला हात पुसत भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ते म्हणतत, मुसांक गोड घाल."

आता आमच्या घरच्या बोलण्यात गोड म्हणजे गूळ. चहात गोड, खिरीत गोड, पातोळ्यांत गोड. काका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले आणि माडाचा गोड घेऊन आले, काळाभोर, चांगल्यातला, धुराचा वास असलेला. वर्षभर भावाचा शब्द त्यांनी झेलला नव्हता, हा मात्र अगदी निष्ठेने झेलला. करवंटीत पाण्यात विरघळवून पेटीत ठेवला. माश्या भुकेलेल्या, तुटून पडल्या.

आणि त्यांना हगवण लागली. माणसाला गूळ औषधी असेल, माशीला नाही. हे आम्हाला त्या आठवड्यात कळलं. पेटीच्या तोंडावर तपकिरी डाग पडले. पोटं फुगलेल्या माश्या पडवीभर सरपटत फिरू लागल्या, उडता येईना. काकीने सकाळी केर काढला तो माश्यांचाच निघाला. तिने तो टाकला नाही, फणसाच्या पानावर गोळा करून अर्ध्या भिंतीवर आणून ठेवला. सासूबाई त्या पानाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि माश्यांसाठी एवढं कुणाला वाईट वाटलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

सासरे भिंतीपाशी आले. पाठ न करता, समोर तोंड करून आले. पण बोलले बायकोशीच. "ह्यास विचारा, काय घातले?"

"तांकां सांग, गोड घाल म्हणून तांणींच सांगलां."

"गूळ नव्हे! मी 'गोड' म्हटले. 'गोड' हे विशेषण आहे, असे ह्यास सांगा!"

"आमचे भाशेंत तें नाम, अशें तांकां सांग!"

हे खरंच घडलं. खाली पानावर माश्या मरून पडल्या होत्या आणि वर दोन सुशिक्षित माणसं शब्दाची जात ठरवत होती. मध्ये सासूबाई, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मी वाट बघत होते की त्या आता विशेषणाचा निरोप कसा पोचवणार. त्यांनी पोचवला नाही.

"मुसां मरतत," त्या म्हणाल्या, "आणि तुमी शाळा भरवतात?" एवढं बोलून त्या आत वळल्या, आणि मला म्हणाल्या, "गो बाय, चूल पेटय. आणि साखर हाड, दोनूय घरांतली."

चवथीच्या नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, रेशनची साखर दोन्हीकडे जपून ठेवलेली होती. काकीने आपला डबा मुकाट्याने भिंतीवरून दिला. सासऱ्यांनी दारातून विचारलं, "काय करणार आहात?"

"दोस."

आमच्याकडे चण्याची दोस करतात: डाळ शिजवून, वाटून, साखर-खोबऱ्यात घोटून वड्या पाडायच्या. शब्द पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगिजांचा. जाताना ते खिडकीचं जनेल ठेवून गेले, पाव ठेवून गेले, आणि ही दोस ठेवून गेले. सासूबाई आता चणे नसलेली, खोबरं नसलेली, नुसत्या साखरेची दोस करणार होत्या. सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोस हा शब्द मराठीही नव्हता आणि कोंकणीही नव्हता. त्यावर मोर्चा कुठून काढणार? भिंतीपलीकडून काकाही काही बोलले नाहीत. त्या घरात कित्येक महिन्यांनी एक शब्द कुणाच्या हरकतीशिवाय उच्चारला गेला होता, आणि तो पाखल्यांचा होता.

साखर भिजेल एवढंच पाणी, मंद आच. सासऱ्यांनी पत्रक काढून 'पाक गोळीबंद' असं वाचायला सुरुवात केली. "तो कागद थंयच दवरा," सासूबाई म्हणाल्या. बशीत पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकला. तो पसरला. थोड्या वेळाने पुन्हा टाकला, तेव्हा त्याची बोटात दाबली जाईल अशी मऊ गोळी झाली. लगेच पातेलं उतरवलं. खरी मेहनत त्यानंतरची. पाक कोमट झाला की लाकडी दवल्याने घोटायचा, न थांबता, तो पांढरा आणि घट्ट होईपर्यंत. थांबलं तर खडा होतो, आणि खड्याचा अनुभव आमच्या घराला होता.

घोटता घोटता सासूबाईंची नजर भिंतीवरच्या पानाकडे गेली आणि हात थांबला. मला वाटलं, दमल्या. सासऱ्यांनी दवला त्यांच्या हातातून घेतला आणि घोटू लागले. खडूशिवाय काही न उचललेला हात तो, थोड्याच वेळात ढिला पडला. पाक पातेल्याच्या कडेला धरायला लागला. भिंतीवर कोपरं टेकून काका बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तसो न्हय रे दादा! एकाच बाजून घोट. धरता बघ थंय!"

"तर मगे तू ये आणि घोट!"

काका दारातून आत आले. पातेलं धरलं, दवला घेतला. "इतको वेळ कित्याक लावलंस?" "तूच गूळ घातलंस, आणि माका सांगतंस?" "तू बरां सांगलंस जाल्यार घातलो नसतो!" "तुका कळना नाय काय, मुसांक गूळ घालतत ता?" "तुका कळता, तर डिसेंबरात दगड कित्याक घातलंस?" जोरात भांडत होते. एकाच्याही तोंडात छापील मराठी नव्हती आणि एकाच्याही तोंडात सभेतली कोंकणी नव्हती. पाक पांढरा होत होता.

सासूबाई पाटावर बसल्या. माझ्या लक्षात आलं की कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नाही, म्हणून त्या बसू शकल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी उगाच चुलीतली लाकडं मागे ओढत बसले.

दोस केळीच्या पानावर थापली, पातळ, भाकरीएवढी. बाहेर पाऊस कोसळत होता. काकांच्या पडवीत, जिथे सासऱ्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे ते छत्री घेऊन उभे राहिले, वळचणीचं पाणी पेटीत जाऊ नये म्हणून. आणि काकांनी झाकण उघडून पान चौकटींवर उलटं घातलं. जी माशी डागाळलेल्या लाकडावर मरायला टेकली होती ती मेलीच. पण आतल्या उरलेल्या थोड्याशा माश्या हळूहळू वर आल्या, आणि त्या पांढऱ्या दोशीच्या कडेला तोंड लावून बसल्या. दोघे भाऊ माना घालून बघत होते. चावली तर दोघांना एकदमच चावली असती.

श्रावणभर दोस होत राहिली. नेवऱ्या त्या वर्षी गुळाच्या करायचं ठरलं, आणि गुळाला काय म्हणायचं यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. डाग नवे पडेनात. एका उघडिपीला माश्या दाराशी येऊन उडायला लागल्या, आणि सासऱ्यांनी ही बातमी भिंतीवरून ओरडून दिली, मध्ये कुणाला न घालता.

राहिला गणपती. काकांनी आपली मूर्ती चित्रशाळेत आधीच सांगून ठेवली होती. आता ती नको आहे, हे त्यांना भावाला सांगता येईना आणि मूर्ती करणाऱ्या चित्राऱ्यालाही सांगता येईना, कारण मूर्तीला रंग चढला होता. रंगवलेला गणपती नको म्हणायचं कसं? काका दोन दिवस मान खाली घालून जेवले. सासूबाईंनी निकाल दिला. "हाड तो. आमच्या गणपतीच्या बाजूक बसय. नवसाचो म्हण." आमच्याकडे नवस फेडायला दुसरी मूर्ती बसवतात, त्यात वावगं काही नसतं. त्या चवथीला एकाच माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या मांडवाखाली, दोन गणपती बसले, एक घरचा आणि एक बुटका नवसाचा. येणारा प्रत्येक जण विचारी, "नवस कोणाचो?" आणि सासूबाई फुलं सारखी करत सांगत, "मुसांचो." लोक हसत, प्रसाद घेत आणि जात. आरतीवरून या वेळीही वाजलं. पण समोरासमोर वाजलं, आणि शेवटी दोघांनी आपापली आरती एकाच वेळी म्हटली. गणपतीला काय ऐकू आलं ते तोच जाणे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच माटोळी उतरवत होतो. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. "आई, मामंजींना गोड म्हणजे गूळ म्हणायचं नव्हतं, हे तुम्हाला त्या वेळी कळलं नव्हतं?"

त्यांनी माटोळीतला सुकलेला सुपाऱ्यांचा घड सोडवून हातात घेतला.

"कळला नाय कशां? वर्साभर दोगांचांय मीच तर सांगतंय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "माका वाटलां, आजपर्यंत मी सगळां सारखां करून सांगलंय, म्हणान त्यांका समोर येवची गरज पडली नाय. एकदां तरी चुकूंदे. चूक जाली तर समोर येतीत. मुसां मरतली ता माका ठावक नव्हता गो. त्या पानार बघलंय तेव्हा..."

मी त्यांच्या हातातला घड घेतला. त्यांनी डोळे पुसले.

"तो गणपती मुसांचो न्हय," त्या म्हणाल्या. "माजो. आणि ह्या त्यांका सांगू नको. मराठीत नको आणि कोंकणीतय नको."